मुलाला 'कोणाकडे राहायचंय?' विचारायचं की नाही? मध्यस्थीचा अनुभव असलेल्यांनी सांगा

घाटमाथा | रविवार, रात्री ११:५२

एरवी मी ट्रेकच्या धाग्यांवर असतो, हा विषय पहिल्यांदाच काढतोय. नवा आयडी घेऊन लिहावं असं मनात आलं होतं, मग म्हटलं राहू दे. ती पण इथे वाचनमात्र असते, तिला सांगूनच लिहितोय.

आम्ही दोघं वेगळे होतोय. भांडण संपलंय, म्हणजे भांडायचं बळ संपलंय. अकरा महिने झाले, ती कोथरूडला तिच्या आईबाबांच्या शेजारच्या सोसायटीत भाड्याने राहते, मी चिंचवडला. घर, कर्ज, दागिने हे सगळं एका रविवारी दोन तासांत ठरलं, तेही चहा पीत. अडलंय ते लेकापाशी. वय ७, दुसरीत. आठवडाभर तिच्याकडे, शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे, रविवारी रात्री मी सोडून येतो. हे कुठे लिहिलेलं नाही, आपलं चाललंय. आता कागदावर आणायचं म्हटल्यावर दोघांचे वकील एकदम जागे झाले. माझा म्हणतो आधी पूर्ण ताबा मागा, मग खाली या. तिचाही तेच सांगत असणार. भाजी मंडईसारखं.

मावसभावाने सुचवलं म्हणून कोर्टात जायच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दोघांनी मिळून मध्यस्थीचा अर्ज दिलाय. पुढच्या महिन्यात पहिली बैठक. तिथे मुलाला बोलावतात का?

विचारण्याचं कारण सांगतो. गेल्या आठवड्यात माझ्या आईने त्याला वरणभात भरवताना सहज विचारलं, "सांग बरं, आई आवडते की बाबा?" आपल्याकडे हा प्रश्न प्रत्येक पोराला विचारतात. मलाही विचारायचे आणि मी 'पेढा' म्हणायचो, सगळे हसायचे. याने घास गालात तसाच धरला. गिळेचना. मग म्हणाला, "आजी, मला शू लागलीय," आणि बाथरूमची कडी लावून बराच वेळ आत बसला. बाहेर आला तेव्हा घास तसाच गालात होता.

त्याला हा प्रश्न कुणीही विचारू नये असं मला वाटतं. पण नाही विचारला तर त्याचं म्हणणं कळणार कसं?

काळा_कोट | सोमवार, सकाळी ८:१०

कुटुंब न्यायालयात वीसेक वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं कंटाळवाणं लिहितो, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे वकील बदलायची गरज नाही, पण 'आधी पूर्ण मागा' हे सांगणाऱ्याला घरी ठेवून मध्यस्थीला जा. तसंही कुटुंब न्यायालय कायदा १९८४ च्या कलम १३ प्रमाणे कुटुंब न्यायालयात पक्षकाराला हक्क म्हणून वकील देता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. आमच्या धंद्याला नजर लागू नये म्हणून हे आम्ही फारसं सांगत नाही.

ताब्याच्या प्रश्नात आईचा हक्क की बापाचा, असा सामना कायद्याला अपेक्षितच नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, कलम १३: मुलाचं हित सर्वोपरी. पाच वर्षांखालचं मूल 'साधारणपणे' आईकडे हे त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे, तुमचा मुलगा त्यापुढे गेला. आणि १८९० चा पालक व पाल्य कायदा, कलम १७(३), सांगतो की मूल समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. 'घेऊ शकतं' म्हटलंय, 'घेईल' नाही. वयाचा आकडा दिलेला नाही. म्हणजे सात वर्षांच्या पोराच्या एका वाक्यावर निकाल लागतो ही समजूत चुकीची. तरी आईबाप ते एक वाक्य पाठ करून घेतात. न्यायाधीशांना ते पहिल्या मिनिटाला कळतं, कारण पाठ केलेल्या पोराच्या तोंडी 'माझा सर्वांगीण विकास' असले शब्द येतात.

मध्यस्थीच्या बैठकीला सहसा आईबापच बसतात. मुलाला बोलवायचंच असेल तर दोघांच्या संमतीने, वेगळं, आणि ज्याला मुलांशी बोलायचं शिक्षण आहे अशा माणसानेच. कोर्टातल्या मध्यस्थांचं ४० तासांचं प्रशिक्षण झालेलं असतं, पण ते मुख्यतः मोठ्यांची भांडणं सोडवायचं.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. मध्यस्थीत तुम्ही दोघं जे बोलाल ते गोपनीय, कोर्टात वापरता येत नाही. पण ताब्याच्या प्रकरणात न्यायालयाने समुपदेशकाला मुलाशी बोलून अहवाल द्यायला सांगितलं असेल, तर तो अहवाल न्यायाधीशांना वाचता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. तेव्हा पोराला 'तू जे सांगशील ते कुणाला कळणार नाही' असं वचन देऊ नका.

तिखटमीठ | सोमवार, सकाळी ९:०२

वाचतेय. त्या घासाने पोटात कालवलं.

रविवार_११_ते_१ | सोमवार, दुपारी १:३५

आयडी का घेतला ते कळलंच असेल. चार वर्षं झाली, माझी मुलगी आता नऊची आहे. भेट कोर्टाच्याच आवारातल्या मुलांच्या खोलीत, रविवारी दोन तास. भिंतीवर जिराफ, कोपऱ्यात चाक नसलेला डंपर. पहिली वीस मिनिटं ती माझ्याकडे बघत नाही, शेवटची वीस दाराकडे बघते. मधला वेळ माझा.

आमचंही मध्यस्थीतच मिटलं होतं बरं का. चाळीस मिनिटांत. सगळ्यांनी हात मिळवले. कागदावर एवढंच, 'वडिलांना दर रविवारी मुलीस भेटता येईल.' किती वेळ, कुठे, आजारी पडली तर काय, परीक्षा असली तर काय, काही नाही. पहिल्या वर्षात बावन्नपैकी एकोणीस रविवार मिळाले. ताप, क्लास, पाहुणे, पाऊस. मग अर्ज, मग तारखा, मग हे जिराफाचं घर. तेव्हा घाटमाथा, 'लवकर मिटवा' म्हणणाऱ्यापासून दूर राहा. तुमच्याकडे आज शुक्रवार ते रविवार आहे, ते लिहिलेलं नाही म्हणून तुम्हाला भक्कम वाटतंय.

खवट_काका | सोमवार, दुपारी ३:२०

आमच्या वेळी घरातली चार मोठी माणसं बसायची आणि मिटवायची. चाळीस तासांचं प्रशिक्षण नव्हतं.

तिखटमीठ | सोमवार, दुपारी ३:२६

काका, मिटवायची म्हणजे बाईला परत पाठवायची. तिकडे पुन्हा तेच सुरू झालं की तीच चार माणसं म्हणायची, तिचं नशीब.

मोगरा | सोमवार, रात्री १०:१५

मी विवाह समुपदेशक म्हणून कुटुंब न्यायालयात होते, आता निवृत्त. काका आणि तिखटमीठ ज्यावरून भिडलेत तिथूनच सुरुवात करते.

आपल्या भाषेत मध्यस्थी म्हटलं की 'जुळवून देणं' हेच डोक्यात येतं. लग्न जमवणारा मध्यस्थ आणि मोडायला निघालेलं सांधणाराही मध्यस्थच. कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम ९ सुद्धा समेटाचा प्रयत्न करा असंच सांगतं. त्यामुळे कितीतरी जोडपी माझ्यासमोर मुठी आवळून बसायची, ही बाई आता संसाराचं कीर्तन लावणार म्हणून. माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "तुम्हाला नांदायला पाठवायला मी बसलेली नाही. सोमवारी सकाळी पोराचा डबा कोण भरणार, तेवढंच बोलू." खांदे खाली यायचे.

आता मुलाशी बोलणं. मी कधीही 'कोणाकडे राहायचंय' विचारलं नाही. कागद आणि खडू द्यायचे, घर काढ म्हणायचं. एक काढतो की दोन, ते बघायचं. मग दिवसाबद्दल विचारायचं. सकाळी कोण उठवतं? दात घासायला कोण मागे लागतं? बूट कुठे असतात? रात्री भीती वाटली तर कुणाला हाक मारतोस? तिथे आणि इथे वेगळं काय आहे? पोरं भराभर सांगतात, कारण यात कुणाला दुखवायचं नसतं. एका मुलाने सांगितलं होतं, "बाबांकडे माझा टूथब्रश पाहुण्यांच्या ग्लासात असतो." बापाला हे सांगितलं तेव्हा तो सहा फुटी माणूस रुमाल शोधायला लागला. मूल 'मी इथे पाहुणा आहे' असं कधी म्हणणार नाही, ग्लासाबद्दलच सांगेल.

शेवटी एक प्रश्न नेमाने विचारायचे: आईबाबांना काही सांगायचंय का, आणि ते मी सांगू की नको? 'हे सांगा, हे नको' अशी वाटणी मुलं अगदी नीट करतात. कोट साहेब म्हणाले तसं, अहवाल द्यायचा असेल तर तेही मुलाला आधीच त्याच्या भाषेत सांगायचं.

घाटमाथा, मुलाला नेणार असाल तर दोघांनी मिळून, एकाच वेळी, एकच वाक्य सांगा: "ठरवायचं काम आमचं आहे, तुझं नाही. त्या मावशींना तुझ्याशी गप्पा मारायच्यात." वाटेत उजळणी नको. येताना आइस्क्रीमही नको, त्याला वाटतं आपण पास झालो.

गुलबक्षी | मंगळवार, सकाळी ७:४०

मोगराताई, तुमच्यासारख्या मला भेटल्या असत्या तर. गाव आणि ऑफिस सांगत नाही. माझ्या वेळी आम्हाला एकाच टेबलाशी बसवलं. ज्या माणसाने माझा हात मोडला होता तो दीड फुटावर. मध्यस्थ चांगल्या मनाचे होते असणार, पण तीनदा म्हणाले, "लेकराकडे बघा, लेकराला बाप हवा." मी सही केली. बाहेर आल्यावर जिन्यात त्याने हळूच सांगितलं की पुढची सही पण अशीच करशील.

मूल केंद्रस्थानी वगैरे सगळं पटतं. पण जिथे आई घाबरलेली आहे तिथे तीच वाक्यं दोरखंडासारखी आवळली जातात. त्या घरात मूल बघत होतं सगळं, त्याचं हित बघायचं तर आधी ते बघा ना.

काळा_कोट | मंगळवार, सकाळी ८:५५

गुलबक्षी, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आणि ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात जायच्या आधीची, मध्यस्थी ऐच्छिक असते, नाही म्हणता येतं, मधूनच उठता येतं. वेगळ्या खोलीत बसवा, वेगळ्या वेळी बोलवा असं सांगता येतं, अर्जातच लिहावं. मारहाण असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चं कलम २१ आहे, त्यात संरक्षणाच्या अर्जातच मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश मागता येतो. बाई असो किंवा मूल, दोघांनाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवेचा क्रमांक १५१०० आहे.

रविवार_११_ते_१ | मंगळवार, सकाळी ९:३०

गुलबक्षीताई, मी काल घाईत सगळ्या आयांना एका माळेत ओवलं असं वाटलं असेल तर माफ करा.

यारा_काठची | मंगळवार, दुपारी २:१०

मेलबर्नहून. माहेर सांगली. माझं चार वर्षांपूर्वी झालं, म्हणून इथली पद्धत सांगते. सगळं तिकडे जसंच्या तसं आणता येईल असा दावा नाही.

इथे मुलांच्या बाबतीत थेट कोर्टात जाता येत नाही. २००६ मध्ये कायदा बदलला तेव्हापासून आधी 'फॅमिली डिस्प्यूट रिझोल्यूशन' (इथली कौटुंबिक मध्यस्थी) करायचं, नाही जमलं तर तिथून कलम ६०-आय चं प्रमाणपत्र मिळतं, ते घेऊन कोर्टात. प्रमाणपत्र १२ महिने चालतं. हिंसा किंवा तातडी असेल तर सूट. त्यासाठी सरकारी पैशातून चालणारी फॅमिली रिलेशनशिप सेंटर्स देशभर काढली आहेत. पहिली भेट दोघांची वेगवेगळी असते आणि तिथे खोदून विचारतात: घरात भीती वाटते का, फोन तपासतो का, पैसे कुणाच्या हातात. गुलबक्षी, त्यावरून ठरतं की एका खोलीत बसवायचं, दोन खोल्यांत बसवून मध्यस्थाने ये-जा करायची, की मध्यस्थी करायचीच नाही.

आणि घाटमाथांच्या प्रश्नाचं उत्तर इथे दोन पद्धतींनी देतात. एक पद्धत अशी की मूल खोलीत नसतं, पण मध्यस्थ दर पाच मिनिटांनी गाडी त्याच्यावर आणतो. दुसरीत मुलांचा एक वेगळा सल्लागार असतो. तो शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलाला एकटं भेटतो, नंतर आईबापांसमोर बसून मुलाच्या मनात काय चाललंय ते सांगतो, आणि मग बोलणी पुढे जातात. मूल मोठ्यांच्या बैठकीत पाऊलही टाकत नाही. जेनिफर मॅकिंटॉश म्हणून इथल्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली होती. मुलांचं ऐकून झालेले करार जास्त टिकले असं त्यात दिसलं.

आमच्यात अडलं होतं ते भारतात येण्यावरून. परदेशी नेलेली मुलं परत पाठवण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, म्हणजे मूल एकदा तिकडे नेऊन ठेवलं तर परत आणायची सरळ वाट नाही. नवऱ्याला वाटायचं मी पोरींना घेऊन सांगलीला गेले की परत येणारच नाही. मला त्याचा इतका राग यायचा! सल्लागार बाई धाकटीशी बोलल्या तेव्हा ती म्हणाली, "आजी व्हिडिओत छोटी छोटी होत चाललीय." खरं म्हणजे आई आजारपणाने बारीक झाली होती. हे त्याने ऐकलं आणि पहिल्यांदा वादाचा विषय बदलला, 'जायचं की नाही'वरून 'जायचं कसं' वर. परतीची तिकिटं आधी दाखवायची, तारखा लिहायच्या, तो हमी म्हणून ठरावीक रक्कम मागणार, मी ती वकिलाच्या खात्यात ठेवणार. दोनदा जाऊन आलो. आई आता नाही.

अवांतर: इथेही गैरसमज भरपूर. कायद्यात 'समान जबाबदारी' असं गृहीत धरलेलं होतं, लोकांनी त्याचा अर्थ समान दिवस असा घेतला आणि पोरांची सात-सात दिवसांची वाटणी मागत बसले. ६ मे २०२४ पासून ते गृहीतकच काढून टाकलं.

दोन_घरांची | मंगळवार, रात्री ११:३०

सगळे आईबाप आणि वकील बोलतायत, म्हणून मी. वय ३१. माझ्या आईबाबांचं मी नऊची असताना झालं. जज साहेबांच्या खोलीत मला एकटीला नेलं. मोठ्ठं टेबल, त्यावर काच, काचेखाली गणपती. त्यांनी लिमलेटची गोळी दिली आणि खूप मायेने विचारलं, बाळ तुला कुणाकडे राहायला आवडेल?

मी आजी म्हटलं.

मला वाटलं हे सगळ्यात सुरक्षित उत्तर आहे. झालं भलतंच. आजी बाबांची आई होती. आईला वाटलं मी बाबांना निवडलं. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण पुढची दोन-तीन वर्षं मी जेवताना जास्तीची पोळी मागितली तरी ती म्हणायची, "आजीकडे मिळत असेल ना गरम." मी लग्न ठरल्यावर तिला ती लिमलेटची गोष्ट सांगितली. ती हसली आणि मग रात्रभर झोपली नाही.

घाटमाथा, तुम्ही बरोबर आहात, विचारू नका. पण मला एक सांगायचं होतं आणि ते कुणी विचारलं नाही: माझी पेटी. मी पेटी शिकत होते आणि पेटी एकाच घरात होती.

घाटमाथा | बुधवार, रात्री १२:४०

काय लिहू. पेटीचं वाचून उठलो आणि त्याच्या खोलीत गेलो. इथे त्याची सायकल नाही, तिकडे लेगो नाही. आणि टूथब्रश माझ्या ग्लासात होता, देवाची कृपा.

ती फोनवर होती आत्ता. तिने पण सगळं वाचलंय. दोघांनाही मोगराताईंच्या पद्धतीने काम करणारी कुणी मुलांची समुपदेशक शोधायचीय, मध्यस्थीच्या समांतर. आणि कोट साहेब, कागदावर काय काय असावं तेवढं सांगाल का? 'दर रविवारी' लिहून मोकळं व्हायचं नाही, हे कळलं.

काळा_कोट | बुधवार, सकाळी ९:१५

लोक जिथे आपटतात त्या जागा सांगतो.

सुट्ट्या. 'उन्हाळ्याची निम्मी सुट्टी' असं सगळे लिहितात. मग मूल राज्य मंडळाच्या शाळेतून सीबीएसईत जातं, तिथे एप्रिलमध्येच नवं वर्ष सुरू होतं आणि सुट्टी भलतीकडेच सरकते. तेव्हा शाळेच्या कॅलेंडरप्रमाणे लिहा, महिन्याप्रमाणे नको. आणि शाळा बदलायची तर दोघांच्या लेखी संमतीने, हे पण.

गणपती. तुमचं मूळ घर कोकणात असेल तर सर्वात मोठं भांडण इथे होतं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. म्हणून 'या वर्षी गणपती कुणाकडे' हे आरक्षणाच्या आधी ठरलेलं हवं. विषम वर्षी इकडे, सम वर्षी तिकडे. दिवाळीचं उलटं.

फोन. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटलंय की ज्याच्याकडे मूल नाही त्याला भेटीबरोबरच फोनवर, व्हिडिओवर बोलण्याचाही हक्क हवा, शक्य तर रोज पाच-दहा मिनिटं. वेळ लिहा. 'संध्याकाळी' लिहू नका, साडेसात ते पावणेआठ लिहा.

पासपोर्टला दोघांच्या सह्या लागतात, ती कटकट आत्ताच मिटवा. पोटगी: तुमच्यात काहीही ठरो, मुलाचा खर्चाचा हक्क आई किंवा बाप परस्पर सोडू शकत नाहीत. 'मुलासाठी काही मागणार नाही' अशी वाक्यं घालून दिलेले कागद मी बघतो, त्यांना अर्थ नाही.

'संयुक्त ताबा' हा शब्द वापरायचा का, असं विचाराल. विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात त्याची आणि मध्यस्थीची शिफारस केली होती, कायद्यात ती आली नाही. पण दोघांनी संमतीने तसं लिहून आणलं तर न्यायालयं मान्य करताना मी पाहिली आहेत. शब्दापेक्षा वेळापत्रक नीट करा.

शेवटचं. संमतीने घटस्फोटाच्या अर्जाला वेगळं राहून एक वर्ष व्हावं लागतं, तुम्हाला महिना बाकी आहे. पुढची सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकतं, २०१७ चा निकाल आहे, पण पोटगी आणि मुलाचं खरोखर मिटलेलं असावं ही त्यातली एक अट आहे. आणि मुलाबाबतचं काहीही काळ्या दगडावरची रेघ नसते, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली पुढे बदलून घेता येतं. सातव्या वर्षी चालतं ते तेराव्या वर्षी चालत नाही.

खवट_काका | बुधवार, सकाळी ११:००

गणपतीच्या तिकिटांचं पटलं. आमच्या चार मोठ्या माणसांना हे सुचलं नसतं.

घाटमाथा | साडेतीन महिन्यांनी, शनिवार, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं, सगळ्यांना वेगळं उत्तर देणं जमलं नाही.

मध्यस्थीच्या चार बैठका झाल्या. पहिली वाया गेली, दोघंही आपण किती समजूतदार आहोत हे मध्यस्थांना पटवत बसलो. दुसरीत फाटलं. सायकल कुठे राहणार यावर पाऊण तास. मध्यस्थ बाई शांत होत्या, शेवटी म्हणाल्या, दुसरी सायकल केवढ्याला येते? आम्ही ताशी दोन-दोन हजार घेणाऱ्या वकिलांशी त्या सायकलवर महिनाभर बोललो होतो.

मुलांच्या समुपदेशक मिळाल्या. त्यांना तो दोनदा भेटला, चाळीस-चाळीस मिनिटं. मग त्या आमच्याशी बोलल्या. त्याने घर काढलं ते एकच, पण त्याला दोन दारं, आणि मध्ये गाडी. गाडीबद्दलच बोलला म्हणे जास्त. रविवारी रात्री मी त्याला सोडायला जातो तेव्हा चिंचवड ते कोथरूड आम्ही दोघं गप्प असतो. मी गप्प असतो कारण मला वाईट वाटत असतं. त्याला वाटतं बाबा चिडलेत. मग फाटकाशी ती उभी असते, ती पण गप्प, आणि हा मधल्या दहा पावलांत दप्तर घेऊन चालतो. "दहा पावलं मला कुणाकडे बघायचं कळत नाही," असं म्हणाला. हे सांगा असं त्यानेच त्यांना सांगितलं होतं. एक गोष्ट 'नको सांगू' म्हणाला, ती आम्हाला अजून माहीत नाही.

आम्ही दोघंही ताब्याच्या टक्क्यांवर भांडत होतो आणि याची अडचण दहा पावलांची.

तेव्हा ठरलं ते असं. शुक्रवारी मी शाळेतून घेणार, सोमवारी सकाळी शाळेत सोडणार. फाटकावरची अदलाबदल बंद. रविवारची रात्र मला जास्त मिळाली, बुधवारची संध्याकाळ तिला हवी तशी मोकळी राहिली. सोमवारी पहाटे साडेपाचला उठून पिंपरीच्या पुलावरची गर्दी चुकवायची, ते माझं मी बघेन. दप्तर एकच, बाकी कंपासपेटी, बूट, रेनकोट दोन्हीकडे. सायकली दोन.

माझ्या आईला सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. परवा त्याला भरवताना ऐकलं, "सांग बरं, बुंदीचा लाडू की बेसनाचा?" तो म्हणाला, दोन्ही नको, चिवडा.

कोट साहेब, मसुदा तुमच्या धाग्यातल्या प्रतिसादावरूनच केलाय. अर्ज पुढच्या आठवड्यात दाखल होतोय. तडजोडीची पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) देताना दोघांनी स्वतः हजर राहावं लागेल ना?

काळा_कोट | रविवार, सकाळी ७:५०

हो, दोघांनी, ओळखपत्रांसह. न्यायाधीश दोघांनाही विचारतात, वाचून समजून सही केली का. मुलाला आणू नका, गरज नाही.

मोगरा | रविवार, सकाळी ८:३०

'नको सांगू' म्हणालेली गोष्ट शोधायला जाऊ नका हं.

रविवार_११_ते_१ | रविवार, दुपारी १:२०

आत्ताच भेटीहून आलो. आज तिने स्वतःहून डंपरला चाक म्हणून बांगडी लावली. घाटमाथा, तुमच्या मसुद्यात चुकलेल्या भेटीचं काय लिहिलंय? ते वाक्य इथे जसंच्या तसं टाकाल का?

घाटमाथा | रविवार, दुपारी १:४५

घ्या. नावं काढून टाकतोय.

"मुलाचे अथवा पक्षकारांपैकी कोणाचेही आजारपण, शाळेचा कार्यक्रम किंवा अन्य कारणामुळे ठरलेली भेट होऊ न शकल्यास सदर भेट पुढील १५ दिवसांच्या आत, मुलाच्या शाळेस अडथळा येणार नाही अशा दिवशी, तितक्याच वेळेसाठी भरून देण्यात येईल. भेट रद्द होत असल्यास शक्यतो २४ तास आधी लेखी (व्हॉट्सॲपसह) कळविण्यात येईल. मुलास ताप असल्यास भेट रद्द न करता दुसऱ्या पालकाने मूल असेल त्या घरी येऊन किमान एक तास मुलाजवळ बसावे. त्यास कोणीही हरकत घेणार नाही."

तापाचं वाक्य तिने घालायला लावलं.

रविवार_११_ते_१ | रविवार, दुपारी १:५२

घेतलं. मंगळवारी तारीख आहे, वकिलांना दाखवतो.